किती वर्षं असिस्टंटच राहणार?

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीहून एका आईंचं पत्र आलंय. मूळचे साताऱ्याचे, इथे येऊन तीस वर्षं होत आली. मुलगी २७ वर्षांची, इकॉनॉमिक्स शिकली, कॉलेजात लॅक्रॉस (जाळीच्या काठीने बॉल झेलायचा-फेकायचा सांघिक खेळ) खेळली आणि चांगली नोकरी हातात असताना ती सोडून त्याच खेळाच्या कोचिंगमध्ये गेली. आधी दोन वर्षं एका छोट्या कॉलेजात ग्रॅज्युएट असिस्टंट, त्यातच मास्टर्स झालं, मग दोन वर्षं डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, मुलींच्या टीमची असिस्टंट कोच, पगार ४८ हजार डॉलर. आता सीझन संपल्यावर तिच्या हेड कोचनी राजीनामा दिलाय, नवीन येणाऱ्या बाई स्वतःची माणसं आणणार, म्हणजे ३० जूनला मुलीचं काँट्रॅक्ट संपतंय. समोर तीन पर्याय आहेत. जुन्या हेड कोच तिला पश्चिमेकडच्या आपल्या नव्या कॉलेजात बोलावतायत, पण असिस्टंट म्हणूनच. घरापासून दीड तासावरचं एक डिव्हिजन थ्री, म्हणजे खालच्या पातळीचं, कॉलेज तिला थेट हेड कोच करायला तयार आहे, पगार थोडा कमी. आणि वडिलांच्या मित्राच्या ओळखीने जर्सी सिटीत एका बँकेत ॲनालिस्टची जागा. आई लिहितात, "किती वर्षं असिस्टंटच राहणार? लग्नाचा विषय काढू देत नाही. कोणी विचारलं मुलगी काय करते, तर मी 'युनिव्हर्सिटीत आहे' म्हणते आणि विषय बदलते. बँकेची नोकरी घ्यावी म्हणून तिला कसं समजवू?"

ताई,

तुमचं पत्र तीन पानांचं आहे आणि मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजी दिसली, ती कुठल्याही आईला वाटेल. दुसऱ्यांदा मी मुद्दाम एकच गोष्ट शोधत होते, मुलगी या कामाला कंटाळलीय, तिला हे सोडायचंय, असं कुठे लिहिलंय का. नाहीये. दमते असं आहे, एकेका दिवसात सहा तास गाडी चालवते असं आहे, दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते, पाडव्याला कधीच घरी नसते, हे सगळं आहे. पण सोडते म्हणाली असं एकदाही नाही. म्हणजे 'कसं समजवू' याच्या आधीची एक पायरी राहून गेलीय, तिला काय हवंय ते विचारायची. तुम्ही विचारलंही असेल, पण तिचं उत्तर पत्रात नाही म्हणून म्हणतेय.

मी अकरा वर्षं इथल्या एका युनिव्हर्सिटीत खेळाडू मुलामुलींची अभ्यासाची ॲडव्हायजर होते, लॅक्रॉसच्या मुली माझ्याकडे असायच्या, त्यामुळे त्यांच्या कोच लोकांचं काम मी फार जवळून बघितलंय. आणि तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकला तो 'असिस्टंट' हा शब्द, म्हणजे तो ज्या अर्थाने तुम्ही वापरलाय तो अर्थ. आपल्याकडे असिस्टंट म्हटलं की साहेबाच्या हाताखालचा माणूस डोळ्यासमोर येतो, फायली पुढे करणारा आणि प्रमोशनची वाट बघणारा. कॉलेज लॅक्रॉसमध्ये अख्खा स्टाफच तीन-चार जणांचा असतो हो. एक हेड कोच, बाकीच्या असिस्टंट, त्यात एकीकडे अटॅक, एकीकडे डिफेन्स, कोणाकडे तरी गोलकीपर आणि ड्रॉ, शिवाय रिक्रूटिंग म्हणजे शाळांतल्या मुली हेरून टीममध्ये आणणं, समोरच्या टीमची फिल्म बघून टिपणं काढायची, बस ठरवायची, मॅचनंतर तीस-पस्तीस मुलींच्या जेवणाची सोय करायची, आणि हे सगळं फेब्रुवारी ते मे रोजच्या रोज. ओव्हरटाइम वगैरे विसरा, इथल्या कायद्यात कोचना बहुतेक वेळा शिक्षकांमध्ये धरतात त्यामुळे तो नियम त्यांना लागू होत नाही.

एक प्रसंग सांगते. मार्चमधली संध्याकाळ, बाहेर कडाक्याची थंडी, आणि आमच्याकडची एक असिस्टंट कोच माझ्या केबिनमध्ये आली, बाहीला टर्फचे काळे रबराचे दाणे चिकटलेले, हातात एक साधी स्पायरलची वही. तुम्ही मॅच बघितली असेल तर ड्रॉ माहीत असेल, प्रत्येक गोलनंतर खेळ मधोमध परत सुरू होतो, दोघी सेंटर समोरासमोर, दोघींच्या स्टिकच्या मध्ये बॉल दाबून धरलेला, शिट्टी झाली की दोघी स्टिक वर ओढतात आणि बॉल डोक्याच्या वर उडावाच लागतो. ज्या टीमला ड्रॉ मिळत जातात तिने गोल केल्यावरही बॉल परत तिच्याकडेच येतो, मग समोरच्यांनी काय करायचं? त्या वहीत पुढच्या शनिवारी येणाऱ्या टीमच्या सेंटरबद्दल पूर्ण दोन पानं होती. शिट्टीआधी तिचा उजवा खांदा खाली जातो का, बॉल कुठल्या बाजूला काढते, दमल्यावर काय बदलते. आणि वही उलटी केली की मागच्या पानांपासून आपल्या मुलींची यादी, कोणाची केमिस्ट्रीची परीक्षा कधी आहे, कोणाची आजी आजारी आहे, कोण आठवडाभर नीट जेवत नाहीये. त्या न जेवणाऱ्या मुलीसाठीच ती माझ्याकडे आली होती. हेड कोचना तोवर त्यातलं काही माहीत नव्हतं, कारण कोणाला खेळवायचं हे ज्या बाईच्या हातात असतं तिला मुली असल्या गोष्टी सांगत नाहीत, असिस्टंटला सांगतात. त्या मुलीला वेळेवर डॉक्टरकडे नेलं, तिचं सेमिस्टर वाचलं.

म्हणून 'किती वर्षं असिस्टंट' हे मोजण्यापेक्षा मी दोन गोष्टी विचारेन. ती कोणाच्या हाताखाली आहे? आणि तिच्या स्वतःच्या हातात काय आहे? या धंद्यात माणूस वर्षांनी वर जात नाही, या दोन गोष्टींनी जातं. चार वर्षं नुसती बस बुक केली आणि मैदानावर खुणेचे प्लॅस्टिकचे कोन मांडले तर चार वर्षं फुकट, पण दोनच वर्षं डिफेन्स पूर्ण तिच्याकडे होता, तिने आणलेल्या मुली आज टीममध्ये खेळतायत, तर ती दोन वर्षं कुठेही दाखवता येतात.

उदाहरणं घ्या. मेरीलँड युनिव्हर्सिटीच्या कॅथी रीस, स्वतः तिथेच खेळल्या, मग त्यांच्याच कोच सिंडी टिमचल यांच्या हाताखाली असिस्टंट राहिल्या, मग डेन्व्हरला हेड कोच, आणि २००७ च्या सीझनपासून परत मेरीलँडला हेड कोच म्हणून, तिथे २०१० ते २०१९ मध्ये पाच नॅशनल चॅम्पियनशिप. ॲन एलियट व्हिडन नॉर्थवेस्टर्नला खेळल्या, नॉर्थ कॅरोलायनात असिस्टंट होत्या, आणि कोलोरॅडोने मुलींची टीम नव्याने काढली तेव्हा तिच्या पहिल्या हेड कोच झाल्या, २०१४ ला ती टीम पहिल्यांदा मैदानात उतरली. नवीन टीम निघते तेव्हा कॉलेजं बघतात ती हेच, चांगल्या हाताखाली तयार झालेली असिस्टंट कोण आहे. आणि उलटं उदाहरणही आहे, ते मला जास्त आवडतं. नॉर्थवेस्टर्नच्या केली अमॉन्टी हिलर यांच्या नावावर २००५ ते २०२३ मध्ये आठ चॅम्पियनशिप आहेत आणि त्यांच्या स्टाफवर अनेक वर्षं त्यांचा नवराच आहे, स्कॉट हिलर. बायको हेड कोच, नवरा तिच्या हाताखाली, आणि तिथे त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. म्हणजे असिस्टंट ही फक्त पायरी असते असंही नाही, काही माणसं तिथेच राहून मोठी होतात.

आता तुमच्या तिन्ही पर्यायांकडे येते.

पहिला, जुन्या हेड कोचबरोबर जाणं. याच्यात मोठी गोष्ट ही की त्या बाईंनी आपणहून फोन केला. नवीन ठिकाणी जाताना हेड कोच फार थोड्यांना बरोबर नेते, ज्याच्यावर भार टाकता येतो त्यालाच नेते. पण याच्यातला धोका तुमच्या मुलीने आताच अनुभवलाय, हेड कोच गेली की सगळा स्टाफ जातो, आणि परत त्याच बाईंच्या भरवशावर दोन हजार मैल लांब जायचं. तर मग तिने जाण्याआधी बोलून घ्यावं, आणि बोलणं इमेलवर यावं. डिफेन्स माझ्याकडे राहील का, की फक्त मदतीला? हुद्दा असिस्टंटच, की असोसिएट हेड कोच? काँट्रॅक्ट बारा महिन्यांचं की दहा? सामान हलवायचा खर्च कोण देणार? दोन वर्षांनी मी दुसरीकडे हेड कोचसाठी अर्ज केला तर तुम्ही माझ्यासाठी फोन कराल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला मुली लाजतात, त्यांना वाटतं बाईंना वाईट वाटेल. चांगल्या हेड कोचला नाही वाटत, तिच्या हाताखालून किती जणी हेड कोच झाल्या हे तिलाही मिरवायचं असतं.

आणखी एक, कॉलेज मोठं असलं तर खेळाचं बजेट नीट विचारायचं. २०२५ च्या जूनमध्ये कॉलेज खेळाडूंच्या दाव्यात कोर्टाने जो समझोता मान्य केला त्यानंतर मोठ्या युनिव्हर्सिट्यांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला बहुतेक पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे वळतो. लॅक्रॉससारख्या खेळांना काही ठिकाणी स्कॉलरशिपा वाढवून मिळाल्या, काही ठिकाणी हात आखडला. तिथे कुठली हवा आहे ते जाण्याआधीच कळायला हवं.

दुसरा, डिव्हिजन थ्रीत हेड कोच. ताई, हा पर्याय तुम्हाला आवडेल, पण चुकीच्या कारणाने, घराजवळ आहे म्हणून. कृपा करून तिच्याशी बोलताना दीड तासाचं अंतर अजिबात काढू नका, नाहीतर तिला वाटेल की तुम्ही तिला घरी ओढताय आणि एक चांगली गोष्ट ती तेवढ्यासाठी नाकारेल. चांगली यासाठी की २७ व्या वर्षी अख्खी टीम हातात येते. अवघड यासाठी की खरंच सगळं हातात येतं. डिव्हिजन थ्रीत खेळासाठी स्कॉलरशिप देता येत नाही, म्हणजे मुली आणायच्या त्या फक्त बोलून, भेटून, त्यांच्या आईवडिलांना पटवून. असिस्टंट बहुतेक ठिकाणी पार्टटाइम. कपड्यांच्या धुलाईपासून बसच्या बिलापर्यंत सगळं हेड कोचवर, आणि काही कॉलेजं हेड कोचच्या गळ्यात दुसरं कामही घालतात, जिमचं वेळापत्रक सांभाळा, दुसऱ्या खेळात मदत करा. तिने तिथे विचारावं की आज टीममध्ये मुली किती आहेत, तुम्हाला किती हव्यात, आणि गेल्या सहा-सात वर्षांत किती हेड कोच आल्या-गेल्या. तिघी आल्या-गेल्या असतील तर त्यातल्या एकीला फोन करायचा, अर्ध्या तासात सगळं कळतं.

आणि कॉलेजची तब्येत बघायची, हे मी फार मनापासून सांगते. छोटी खासगी कॉलेजं बंद पडतायत. पेनसिल्व्हेनियातलं कॅब्रिनी घ्या, २०१९ ला तिथल्या मुलांच्या लॅक्रॉस टीमने डिव्हिजन थ्रीची नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली आणि २०२४ मध्ये अख्खी युनिव्हर्सिटीच बंद झाली. टीम चांगली असून उपयोग झाला नाही. नवीन विद्यार्थ्यांचा आकडा दरवर्षी घसरतोय का, अलीकडे विषय बंद केलेत का, लोकांना काढलंय का, हे सगळं बातम्यांत सापडतं.

मला विचाराल तर, वरची उत्तरं बरी आली तर मी दुसऱ्याकडे झुकेन. डिव्हिजन वनची दोन वर्षं तिच्याजवळ आहेत, ती कुठे जात नाहीत, आणि हेड कोच म्हणून स्वतः निर्णय घेऊन हरणं-जिंकणं हे कोणाच्याही हाताखाली शिकता येत नाही. पण उत्तरं गोलमाल आली तर पहिला. हे माझं मत झालं, निर्णय तिचा.

तिसरा, बँक. याच्यात वाईट काही नाही, खरंच नाही. हे काम दमवतं, तिशी ओलांडताना कितीतरी चांगल्या मुली ते सोडतात, आणि सोडणं म्हणजे हरणं असं मी कोणालाही म्हणणार नाही. तुमची मुलगी स्वतःहून म्हणाली की बस झालं, तर ती बँकेत रिकाम्या हाताने जात नाही हे तुम्ही लक्षात ठेवा. आकडे आणि फिल्म बघून समोरच्याची खोड ओळखणं, वर्षाला शेकडो घरांशी बोलून त्यातून मोजक्या जणींना हो म्हणायला लावणं, हे तिने चार वर्षं केलंय, तेच बायोडेटात लिहायचं. आणि न्यू जर्सीत मुलींच्या लॅक्रॉसचे क्लब भरपूर आहेत, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी तिथे शिकवता येतं, म्हणजे नातं तुटत नाही. फक्त तो निर्णय थकव्यातला नको आणि आईबाबांच्या धाकातला तर मुळीच नको. मे महिन्यात, सीझन संपल्या संपल्या प्रत्येक कोचला सगळं सोडावंसं वाटतं. दोन-तीन आठवडे नीट झोप काढल्यावर काय वाटतं ते खरं.

लग्नाबद्दल फार लिहीत नाही, ते तिचं ती बघेल. एवढंच सांगते की ज्या कॅथी रीसचं मघाशी लिहिलं त्या चार मुलांच्या आई आहेत, आणि मुलींच्या लॅक्रॉसमध्ये बहुतेक हेड कोच बायकाच आहेत, त्यात संसारवाल्या भरपूर. तारेवरची कसरत आहे, पण अशक्य नाही. तिला समजून घेणारं माणूस लागेल, ज्याला हे कळेल की १ सप्टेंबरला रात्री बारा वाजता ती फोनवर का आहे. ते तुम्हालाही माहीत नसेल म्हणून सांगते, अकरावीत गेलेल्या मुलींशी कॉलेजच्या कोचना त्या तारखेपासूनच बोलता येतं, हा नियम २०१७ मध्ये आला, त्याआधी आठवीतल्या पोरी कॉलेज ठरवून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे त्या रात्री बाराच्या ठोक्याला देशभरच्या असिस्टंट कोच फोन घेऊन बसलेल्या असतात. तुमची मुलगी त्या रात्री घरी आली असेल आणि जेवण अर्धवट टाकून खोलीत गेली असेल, तर ती त्या फोनची तयारी करत होती.

आता लोकांना काय सांगायचं. पूर्ण सांगा, 'कॉलेजच्या मुलींना लॅक्रॉस शिकवते.' समोरचा विचारेल लॅक्रॉस म्हणजे काय, तेव्हा सांगा की हा खेळ मुळात इथल्या आदिवासींचा, हौडेनोसौनी लोकांचा, शेकडो वर्षं जुना, आणि १९२६ मध्ये रोझाबेल सिंक्लेअर नावाच्या एका बाईंनी बाल्टिमोरच्या मुलींच्या शाळेत तो सुरू केला. मुलींच्या खेळात एका बाजूला बारा जणी, जाळीची काठी, डोळ्यांना गॉगल. आणि नातेवाईक साताऱ्याचे असतील तर हेही सांगा की २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस घ्यायचा निर्णय आपल्या मुंबईतच झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये, त्याच बैठकीत ज्यात क्रिकेट आलं. क्रिकेटचा तेवढा बोलबाला झाला, याचा नाही झाला. तिथे सहा-सहा जणींचा छोटा खेळ होणार आहे, पण खेळ हाच.

ताई, आईचं 'युनिव्हर्सिटीत आहे' मुलींना ऐकू जातं. माझ्यासमोर बसून एक मुलगी म्हणाली होती, आई माझ्या कामाचं नाव घेत नाही, आणि ती असिस्टंट कोच होती, आमच्या टीमसाठी जीव टाकणारी. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

हे वाचणाऱ्या ज्या मुली स्वतः कुठल्याही खेळात असिस्टंट आहेत त्यांच्यासाठीही थोडं लिहिते, कारण हेड कोच जाण्याची वेळ तुमच्यावरही येणार आहे. आपण काय केलं याची नोंद दर आठवड्याला करून ठेवा, कुठल्या मुली तुम्ही आणल्या, कुठली चाल तुमची, त्याचं फिल्म जपून ठेवा, कारण कॉलेजचं इमेल बंद झालं की सगळं तिथेच राहतं. आपल्या हेड कोचशिवाय दुसऱ्या दोन-तीन कोच तुम्हाला नावाने ओळखतील असं बघा, उन्हाळ्यातल्या रिक्रूटिंग टूर्नामेंटमध्ये सगळ्या जणी एकाच कुंपणाला टेकून उभ्या असतात, तिथे बोला. आणि पहिली नोकरी मिळाली या आनंदात हातात काय देणार हे विचारायचं विसरू नका.

शेवटी तातडीचं. ३० जूनला काँट्रॅक्ट संपलं की हेल्थ इन्शुरन्सही संपेल, आणि ती २६ च्या वर आहे म्हणजे तुमच्या पॉलिसीत आपोआप परत घेता येत नाही, न्यू जर्सीत काही पॉलिसींमध्ये ३१ वर्षांपर्यंत वेगळे पैसे भरून घेता येतं, तुमच्या पॉलिसीचं विचारून बघा. नवीन नोकरीचा इन्शुरन्स कधीपासून, हे तिन्ही ठिकाणी विचारायला सांगा, मध्ये महिना दोन महिने मोकळे जात असतील तर तेवढ्या काळाच्या इन्शुरन्सचे पैसे तुम्ही दोघांनी द्यायची तयारी दाखवा, ते तिला कुठल्याही उपदेशापेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि हे बोलायला रविवारी फोन करा, नेहमीसारखं 'जेवलीस का' झालं की तिला विचारा, त्या नवीन जागी तुझ्या हातात काय काय असेल गं? मग ती बोलत असताना मध्ये बोलू नका. किती वेळ बोलली ते मला कळवा.